जत्रेचा खाऊ, भट्टीतला

जत्रेहून परतलेल्या माणसाने उंबऱ्यावर पाऊल ठेवताच त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो "काय पाहिलेस?" हा नव्हे, "काय आणलेस?" हा होय. श्रोतेहो, या प्रश्नाला आपल्या लोकांनी फार पूर्वीपासून विचारपूर्वक उत्तर देऊन ठेवले आहे. गोव्यातील जत्रेहून घरी येणाऱ्याच्या हाती खाज्यांचा पुडा असावयाचाच. बेसनाच्या कांड्या खरपूस तळाव्यात आणि आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवाव्यात, एवढीच त्याची कृती. परंतु त्या कृतीत मोठा व्यवहार आहे. तळताना कांडीतील ओलावा पार निघून जातो, वरून गुळाचे कवच बसते, आणि खाजे चार-आठ दिवस डब्यात कुरकुरीत राहते. म्हातारपणामुळे, आजारपणामुळे, अथवा घर राखण्यासाठी जो मागे राहिला, त्याच्या वाट्याची जत्रा अशी पुड्यात बांधून घरी येते.

माझे बालपण ग्वाल्हेरला गेले. तेथे १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला मेळा ऐन थंडीत भरतो, आणि त्या मेळ्याला मला बोट धरून नेणारी माझी आत्या. तिने मला दिलेल्या तळलेल्या पापडाचा घेर माझ्या तोंडाहून मोठा होता हे मला पक्के आठवते. पापडामागून मला समोरचे माणूस दिसत नसे. आज आत्या नव्वदी ओलांडून आमच्याकडे बडोद्याला असते. तिचे फिरणे खोलीपासून ओसरीपर्यंत. गेल्या वर्षी मी अमेरिकेत मुलीकडे निघाले तेव्हा तिने मागितले ते एवढेच : "तिथे जत्रा असली तर जा. आणि येताना आठवण ठेव."

जत्रा होती, आणि ती लहानसहान नव्हती. मुलगी राहते ते डलास शहर. तेथील 'फेअर पार्क'मध्ये सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत टेक्सस राज्याची जत्रा भरते. १८८६ साली सुरू झालेली ही जत्रा मुळात गुरेढोरे, पिके आणि यंत्रे यांच्या प्रदर्शनासाठी होती, आणि आजही तेथे बैल व बोकड यांची पारख होते. दारातून आत गेले की 'बिग टेक्स' नावाचा पंचावन्न फुटी पुतळा आपणांस मोठ्या आवाजात नमस्कार घालतो. १९५२ पासून तो तेथे उभा आहे. मधे २०१२ साली तो जळाला, आणि पुढल्याच वर्षी लोकांनी दुसरा उभा केला. परंतु लोक त्या पुतळ्याकडे पाहतात ते पुढे कोठे वळावयाचे याची खूण म्हणून. पाय वळतात ते तळणीच्या वासाकडे.

या जत्रेत तळत नाहीत असा पदार्थ शोधूनच काढावा लागेल. २००५ पासून येथे नव्या खाद्यपदार्थांची स्पर्धा घेतली जाते, आणि त्या स्पर्धेने तेथील दुकानदारांच्या डोक्यात अक्षरशः तेल उकळत ठेवले आहे. एबल गोन्झालेस या गृहस्थांनी २००६ साली कोकाकोला तळला. म्हणजे त्या पेयात पीठ भिजवून त्याच्या गोळ्या तळल्या. २००९ साली तर त्यांनी लोणी तळून दाखविले. आपल्याकडे तूपच तळणीचे माध्यम. तेथे लोणीच तळणीत पडले! ऐकताना हसू येते खरे, पण गोठवलेल्या लोण्याच्या गोळीभोवती पीठ लपेटून ती क्षणभर तेलात सोडणे यात पाककलेचे जे मर्म आहे तेच आजच्या आपल्या विषयाचेही मर्म आहे. आत थंड, बाहेर कढत, आणि दोहोंमध्ये पिठाची भिंत.

या साऱ्यांत मला आवडली ती तळलेली 'ओरिओ'. हे काळ्या चकत्यांचे, मधे पांढऱ्या सारणाचे बिस्किट न्यूयॉर्कच्या नॅशनल बिस्किट कंपनीने १९१२ साली बाजारात आणले. आपल्या देशात ते अधिकृतपणे २०११ साली आले, आणि आता गल्लीतल्या वाण्याकडेही मिळते. जत्रेतला कारागीर हे बिस्किट दूध, अंडी, मैदा व बेकिंग पावडर यांच्या दाटसर पिठात बुडवतो आणि सुमारे १९० अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात सोडतो. दोन मिनिटांत ते भज्यासारखे फुगून वर येते. त्यावर पिठीसाखर भुरभुरली की झाले. आश्चर्य आहे ते चावा घेतल्यावर. आतले बिस्किट कडक राहिलेले नसते. त्याचा मऊ, ओलसर केक झालेला असतो, आणि सारण वितळून त्यात मुरलेले असते.

मी चार घेतल्या. एक खाल्ली, तीन कागदात बांधल्या. तासाभराने घरी येऊन पुडी उघडली तेव्हा कवच चिंध्या भिजाव्यात तसे झाले होते, आणि कागदावर तेलाचा मोठा डाग पसरला होता. जो खाऊ डलासच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचत नाही तो बडोद्याला कसा पोचावा?

येथे थोडा विचार केला पाहिजे. खाजे टिकते आणि ही ओरिओ का टिकत नाही? दोन्ही तळलेलीच. फरक ओलाव्याचा आहे. खाज्याची कांडी आतपर्यंत कोरडी होते. ओरिओच्या कवचाचा बाहेरचा पापुद्राच तेवढा कोरडा असतो. त्याच्या आत ओले पीठ आणि ओले झालेले बिस्किट. तळण थांबताच आतील वाफ बाहेर यावयास धडपडते, आणि कुरकुरीत पापुद्र्याला आतूनच भिजवून टाकते. म्हणून हा पदार्थ तळणीपासून दहा पावलांच्या आतच खावयाचा. जत्रेला गेलेल्याचे तो तोंड गोड करतो. घरी राहिलेल्याकडे तो येत नाही.

तेव्हा ही चव भाजून आणता येईल का, असा विचार माझ्या मनात आला. अमेरिकेत तो विचार पूर्वीच अनेकांनी केलेला आहे. तेथील भट्ट्यांतून अलीकडे तळहाताएवढ्या, पोटात सारण भरलेल्या कुकी निघतात, आणि त्यांतील कित्येकींना जत्रेतल्या तळलेल्या पदार्थांचीच नावे व चवी दिलेल्या असतात. मी मात्र आपल्या शहाणपणावर विसंबून आधी चुकाच केल्या. बडोद्याला परतल्यावर पहिल्या खेपेस मी जत्रेतल्यासारखेच दाटसर पीठ भिजवून त्यात बिस्किटे बुडवली आणि ती सरळ ओव्हनमध्ये ठेवली. दहा मिनिटांनी पाहते तो पीठ ओघळून ताटभर पसरलेले, आणि मधे बिस्किटे उघडीबोडकी उभी! नातू म्हणाला, "आजी, घावनात बिस्किट अडकले."

चूक माझ्या लक्षात आली ती बरी आली, कारण तीतून तळणे आणि भाजणे यांतील भेद स्पष्ट झाला. दोनशे अंश तापलेल्या ओव्हनमध्ये आपण क्षणभर हात घालून ताट हलवू शकतो. त्याहून कमी तापलेल्या तेलात बोट घालण्याची कल्पनाही करवत नाही. कारण तेल उष्णता फार झपाट्याने पोचवते, आणि हवा फार संथपणे. तेलात पडलेल्या पिठाचा बाहेरचा थर काही क्षणांतच घट्ट होतो, त्यातील पाणी बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर उसळते, आणि ओघळावयास पिठाला सवडच मिळत नाही. ओव्हनमध्ये ते सवडीने ओघळते. म्हणजे पातळ पिठाचे कवच ही तेलाचीच मिरासदारी. ती भट्टीकडून मागणे व्यर्थ. भट्टीला घट्ट गोळा द्यावा लागतो.

म्हणून दुसऱ्या खेपेस मी कुकीचा घट्ट गोळा केला. पण नेहमीच्या बिस्किटाच्या बेताने लहान केला. एका ओरिओभोवती पातळसा थर दिला. तो भाजताना फाटला, सारण बाहेर येऊन करपले, आणि आतले बिस्किट होते त्याहून कडक झाले. तिसऱ्या खेपेस, काहीशा वैतागानेच, दीडशे ग्रॅमचा एक गोळा केला, आणि तो साधला.

कुकीच्या थोराड आकाराकडे मी तोवर अमेरिकन हौस म्हणून पाहत होते. तो हौसेचा प्रकार नाही, निदान केवळ हौसेचा नाही. गोळ्याचा व्यास दुप्पट केला तर त्याचा पृष्ठभाग चौपट होतो, पण पोटातला ऐवज आठपट होतो. उष्णता आत शिरते ती पृष्ठभागातून. म्हणजे मोठ्या गोळ्याच्या प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला उष्णतेचे दार लहान येते, आणि मध्यापर्यंतची वाटही लांब पडते. बाहेरची बाजू तांबूस व कडक होते त्या वेळी आतला भाग नुकता शिजलेला, मऊ असतो. जो भेद तेल आपल्या वेगाने दोन मिनिटांत साधते, तोच भेद भट्टीत गोळ्याच्या आकाराने आणि थंडपणाने साधावयाचा. न्यूयॉर्कमध्ये १९९५ साली निघालेल्या 'लव्हेन बेकरी'ची सहा औंसांची, म्हणजे सुमारे एकशे सत्तर ग्रॅमची कुकी प्रसिद्ध आहे. तिचे कवच व तिचा गाभा यांतील अंतराचे कारण बव्हंशी हेच.

आता कृती. सहा कुकींसाठी मैदा २८० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १५ ग्रॅम, दुधाची भुकटी ३० ग्रॅम, बेकिंग पावडर एक लहान चमचा, खाण्याचा सोडा अर्धा चमचा, मीठ अर्धा चमचा आणि किंचित जायफळ असे एकत्र चाळून घ्यावे. जत्रेतल्या पिठाची जी दुधाळ चव असते ती या भुकटीने येते. दीडशे ग्रॅम लोणी घ्यावे. बाजारचे खारे असेल तर मीठ वगळावे. ते थंडच, बोटाने दाबल्यास जेमतेम दबेल असे असावे. त्यात १२० ग्रॅम ब्राऊन शुगर आणि ६० ग्रॅम साधी साखर घालून मिनिट-दीड मिनिटच फेटावे. नानखटाईसाठी तूप पांढरे शुभ्र होईपर्यंत फेसण्याची आपली सवय येथे आवरली पाहिजे. फार फेसलेल्या लोण्यात हवा भरते आणि कुकी पसरते. ब्राऊन शुगर नसेल तर त्याऐवजी निम्मी साखर व निम्मी गुळाची भुकटी चालते. मला तर गुळाचीच चव अधिक आवडली, पण त्यात खाज्याचा पक्षपात असू शकेल.

यात एक अंडे व एका अंड्याचा बलक, आणि थोडे व्हॅनिला घालावे. अंडे न खाणाऱ्यांनी चार चमचे घट्ट चक्क्यासारखे दही घ्यावे. कुकी थोडी केकच्या वळणावर जाते, पण बिघडत नाही. मग मैदा घालून तो दिसेनासा होईपर्यंतच मिसळावा. मळू नये, मळले की मैद्यातील चिवटपणा जागा होतो. गोळा झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा.

आता सारण. ओरिओ दुधात बुडवून लगेच काढावी. एक म्हणेपर्यंत, दोन नव्हे. तेलातल्या ओरिओला मऊपणा येतो तो भोवतीच्या ओल्या पिठाच्या वाफेमुळे. कुकीच्या घट्ट गोळ्यात ओलावा कमी, म्हणून ती उसनवारी आपण आधीच द्यावयाची. बिस्किटावर चमचाभर गोठवलेले चॉकलेट-स्प्रेड ठेवल्यास गाभा अधिक ओलसर होतो. गोळ्याचे सुमारे १२० ग्रॅमचे सहा भाग करावेत. प्रत्येकाची मोदकासारखी पारी करून मधे बिस्किट ठेवावे आणि तोंड नीट मिटावे. मोदकाची सवय असलेल्या हातांना येथे काही शिकावे लागत नाही. फक्त कळ्या पाडावयाच्या नाहीत, आणि मिटलेली बाजू खाली ठेवावयाची.

राहिली तळणीची चव. ती भट्टीत उत्पन्न होत नाही. म्हणून ती बाहेरून आणावी लागते. साठ ग्रॅम कॉर्नफ्लेक्स जाडसर चुरडून चार चमचे तुपात मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतावेत, आणि गार झाल्यावर त्यांत गोळे घोळवावेत. हा चुरा आधीच तळलेला असतो, कोरडा असतो, आणि भट्टीत पुन्हा खरपूस होतो. येथे एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. पिठातील प्रथिने व साखर यांचा उष्णतेने संयोग होऊन जो तांबूस रंग व खमंग वास येतो, त्याचे शास्त्र लुई कामिल मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मांडले ते १९१२ सालीच, म्हणजे ओरिओ जन्मली त्याच वर्षी.

घोळवलेले गोळे पुन्हा तासभर फ्रिजमध्ये ठेवावेत. या तासाला काट मारू नये. लोणी मोठ्या गोळ्यात घट्ट असले तरच बाहेरचा थर पक्का होईपर्यंत तो गोळा आपला आकार धरून राहतो. ओव्हन १९० अंशांवर निदान पंधरा मिनिटे आधी तापवावा. घरगुती लहान ओव्हनचा आकडा आणि त्याची खरी उष्णता यांत पुष्कळदा अंतर असते. आत ठेवावयाचा साधा तापमापक मिळतो, तो घ्यावा. एका वेळी तीनच कुकी, एकमेकींपासून दूर. सोळा ते अठरा मिनिटांत कडा तांबूस होतात, मध्य मात्र कच्चाच वाटतो. तो कच्चा आहे की केवळ मऊ आहे हे डोळ्यांना कळत नाही, आणि येथे अंदाजावर राहू नये. कच्च्या अंड्यांत, आणि पुष्कळांना ठाऊक नसते पण कच्च्या मैद्यातही, रोगजंतू असू शकतात. घरात लहान मुले वा वृद्ध असतील तर हे अधिकच पाहिले पाहिजे. सुईसारखा तापमापक बिस्किटालगतच्या पिठात खुपसावा. ७५ अंश दाखवले की कुकी झाली. याच कारणाने कच्चा गोळा चाटण्याची परवानगी नातवाला आमच्या घरी मिळाली नाही, आणि तो त्याबद्दल अजून रुसलेला आहे.

बाहेर काढल्यावर वीस मिनिटे तिला हात लावू नये. ती ताटावरच हळूहळू आवळते. घाईने उचलल्यास मधोमध मोडते. पिठीसाखर अगदी गार झाल्यावर भुरभुरावी. जत्रेतला माणूस ती गरमावर टाकतो, कारण त्याचे गिऱ्हाईक समोरच उभे असते. आपल्याकडे ती विरघळून चिकट होईल. हवाबंद डब्यात कुकी तीन-चार दिवस चांगली राहते, आणि खाण्यापूर्वी पाच मिनिटे ओव्हनमध्ये ठेवली तर कवच पुन्हा कुरकुरीत होते. तळलेल्या ओरिओला हे भाग्य नाही.

एक गोष्ट उघडपणे सांगितली पाहिजे. भाजलेली म्हणून ही कुकी पथ्याची होत नाही. लोणी, साखर व मैदा यांचा हिशेब केला तर एकीत सुमारे साडेसहाशे कॅलरी भरतात. एवढे एखाद्या साध्या जेवणात असते. म्हणून ती एकट्याने खावयाची वस्तू नव्हे. पोळीसारखी सुरीने चार भाग करून चौघांना वाटावी. पहिला काप दिला की मधे काळी चकती, तिच्यावर पांढरी रेघ, भोवती दुधाळ गाभा आणि बाहेर तांबूस किनार अशी नक्षी दिसते. ती चौघांनी मिळून पाहण्यातही मौज आहे.

आत्याला साखरेचा विकार आहे. डॉक्टरांना विचारून तिला मी अर्ध्या चतकोराहून अधिक दिले नाही. तिने तो तुकडा तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिला, हळूहळू खाल्ला, आणि कॉर्नफ्लेक्सचा चुरा बोटाने टिपून घेतला. मग विचारले, "जत्रेत पाळणा होता का?"

होता, म्हणाले. 'टेक्सस स्टार' म्हणतात त्याला. दोनशे बारा फूट उंच.

"बसलीस?"

नाही बसले. उंचीची भीती वाटते.

"मग," आत्या म्हणाली, "तू नुसती खायलाच गेली होतीस."